१९६३ची स्प्लिट-विंडो कॉर्व्हेट की १९६५ची शेल्बी जीटी३५०?

गॅरेजमास्तर

जुनी अमेरिकन गाडी घ्यायची तर कुठली, हा विषय इथे दर वर्षी निघतो आणि दर वर्षी टेस्लावर जाऊन संपतो. म्हणून या धाग्यात दोनच गाड्या ठेवतो. एक, १९६३ची शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे, म्हणजे मागची काच मधोमध दुभागलेली ती. दुसरी, १९६५ची शेल्बी जीटी३५०. हिला मस्टँग म्हटलं तरी चालेल, पण शेल्बीवाल्यांसमोर म्हणू नका.

याच दोन का? कारण दुसरी जन्माला घातली तीच कॉर्व्हेटची खोड मोडायला. १९६४च्या एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली आणि धडाधड खपली, पण रेसच्या मैदानात तिला कुणी विचारत नव्हतं. फोर्डच्या ली आयाकोकांनी रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरॉल शेल्बीला गाठलं. एससीसीए या रेसिंग संघटनेची अट होती की स्पोर्ट्स कार म्हणून उतरायचं तर गाडी दोन सीटांची हवी आणि १ जानेवारी १९६५पर्यंत अशा १०० गाड्या तयार हव्यात. शेल्बीने मागचं सीटच काढून टाकलं, तिथे फायबरग्लासचा कट्टा केला आणि वर स्टेपनी ठेवली. झाली दोन सीटांची! मग ही गाडी गेली बी-प्रॉडक्शन गटात, जिथे ३२७ घनइंचांच्या कॉर्व्हेट पळत होत्या. १४ फेब्रुवारी १९६५ला टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅलीला शेल्बीचा ड्रायव्हर केन माइल्सने पहिल्याच शर्यतीत ती जिंकून दाखवली. १९६५, ६६ आणि ६७ अशी तिन्ही वर्षं त्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद जीटी३५०कडेच राहिलं.

कॉर्व्हेटची बाजू लंगडी नव्हती. ऑक्टोबर १९६२मध्ये रिव्हरसाइडला नवी कोरी स्टिंग रे आणि शेल्बीची कोब्रा पहिल्यांदा समोरासमोर आल्या. कोब्रा पुढे होती, पण तिचं मागचं चाक दगा देऊन गेलं आणि शर्यत डग हूपरच्या स्टिंग रेने मारली. पुढे जानेवारी १९६३मध्ये शेव्हरोलेची मालक कंपनी जीएमने रेसिंगमधून अधिकृतपणे अंग काढून घेतलं. कॉर्व्हेटचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांचे हातपाय तिथेच बांधले गेले.

आता संग्राहकाच्या नजरेने पाहू. ६३च्या कूपे बनल्या १०,५९४. जीटी३५० बनल्या ५६२, त्याही रेसच्या गाड्या धरून. नव्या असताना एक साधारण सव्वाचार हजार डॉलरला होती, दुसरी साडेचार हजारांच्या थोडी वर. आज सहा आकड्यांशिवाय दोन्हींकडे बघायचं नाही आणि शेल्बी बरीच वरच्या मजल्यावर राहते.

मला मात्र किमतीपेक्षा मोठा फरक वेगळाच वाटतो. शेल्बीचा सातबारा असतो, कॉर्व्हेटचा नसतो. कॉर्व्हेट घेताना तुम्ही लोखंडावरचे ठसे वाचता, शेल्बी घेताना नोंदी वाचता. ज्याला जे वाचता येतं त्याने ते घ्यावं. बोला.

अनुस्वार

पुलेशु. एक भर घालतो. या दोन गाड्यांमध्ये एक माणूस सामाईक आहे, पीटर ब्रॉक. जीएममध्ये पोरसवदा डिझायनर असताना १९५७मध्ये त्याने काढलेलं स्केच तिथल्याच डिझाइन विभागातल्या बिल मिचेलने उचललं आणि त्यातूनच पुढे स्टिंग रे घडली. प्रत्यक्ष गाडीवरचं काम जीएमच्याच लॅरी शिनोडाने केलं. ब्रॉक मग जीएम सोडून शेल्बीकडे गेला आणि जीटी३५०चे पट्टे, बॉनेट वगैरे सजावट त्याच्याच हातची. गंमत अशी की १९६८मध्ये शिनोडाही फोर्डमध्ये गेला आणि बॉस ३०२ मस्टँग त्याने केली. भांडणारी घरं दोन, सुतार मात्र तेच.

काडीपेटी

सुतारांचं ठीक आहे हो. पण ज्या काचेसाठी लोक एवढे पैसे मोजतात तिच्यातून मागचं काही दिसत नाही, हे खुद्द डंटोव्ह सांगून थकले होते. मिचेलने हट्ट केला म्हणून ती राहिली आणि वर्षभरात काढावीही लागली. म्हणजे तुम्ही चूक विकत घेताय, तीही अव्वाच्या सव्वा भावात. कृ.ह.घ्या.

गॅरेजमास्तर

काडी टाकलीत, पण मुद्दा खरा आहे. एकच वर्ष टिकली म्हणूनच तिला भाव. साठच्या दशकात कित्येकांनी तो मधला कणा कापून ६४ची अखंड काच बसवून घेतली होती, गाडी 'नवी' दिसावी म्हणून. आता उलटा धंदा चालतो: ६४ची कूपे घ्यायची, कणा चिकटवायचा, बॉनेटवर ६३ची ती खोट्या जाळ्यांची सजावट बसवायची. त्यामुळे आधी चासी नंबर बघा. ६३च्या नंबरची सुरुवात ३ने होते, कूपेला पुढे ०८३७ येतं, कन्व्हर्टिबलला ०८६७. मग येतो एस, म्हणजे सेंट लुईसचा कारखाना.

पोटमाळा

वाचतोय. पुण्यात बसून या गाड्या फक्त व्हिडिओत बघतो, म्हणून बाळबोध प्रश्न: सगळे 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात म्हणजे नक्की काय जुळवायचं? आपल्याकडे आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, आरटीओवाला पेन्सिल घासून ठसा घेतो, विषय संपला. तिकडे असं नाही का?

गॅरेजमास्तर

बाळबोध नाही, सगळा धागा याच प्रश्नावर उभा आहे. सविस्तर लिहितो.

तिकडे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, चासी नंबरावर चालतं, इंजिनचा त्यात उल्लेखही नसतो. आणि ६३च्या कॉर्व्हेटच्या चासी नंबरात इंजिन कुठलं होतं हे लिहिलेलंच नाही. त्या वर्षी ३२७चे चार प्रकार मिळत: २५०, ३००, ३४० आणि ३६० अश्वशक्ती. शेवटचं रॉचेस्टर फ्युएल इंजेक्शनवालं, ज्याला सगळे 'फ्युली' म्हणतात. आज साधी ३००ची गाडी आणि फ्युली यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण चासी नंबर दोघींचा सारखाच दिसतो. कुठल्या नंबरच्या गाडीत कुठलं इंजिन टाकलं, याची यादीही जीएमकडून मिळत नाही. पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला कारखान्याचा कागद कामी येतो तो ६७पासून पुढे.

मग उरतं काय? इंजिनच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या सिलिंडर हेडच्या समोर, बोटभर रुंदीची सपाट जागा असते. तिला पॅड म्हणतात. तिथे दोन ठसे असतात. एकात फ्लिंटच्या इंजिन कारखान्याचा एफ, जोडणीचा महिना आणि दिवस, आणि शेवटी दोन अक्षरी कोड. आरएफ असेल तर फ्युली, आरई असेल तर ३४०वालं. दुसऱ्या ठशात चासी नंबरचे शेवटचे आकडे. ते गाडीशी जुळले, ब्लॉकच्या ओतकामाची तारीख जोडणीच्या थोडी आधीची निघाली आणि जोडणीची तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची निघाली, तर तिला मॅचिंग म्हणायचं.

आता खोटेपणा कुठे होतो ते. पॅड घासून नवे ठसे मारणं अवघड नाही. पण कारखान्यात ती जागा ब्रोचिंग मशीनने सपाट केलेली असते, त्यामुळे तिच्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात. घासलं की रेघा जातात. म्हणून जाणकार आधी आकडे वाचत नाहीत, रेघा बघतात.

शेल्बीचं गणित उलटं. फोर्डच्या नंबरात इंजिनचं अक्षर असतंच: ५आर०९के. ५ म्हणजे १९६५, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०९ म्हणजे फास्टबॅक (मागे उतरत जाणारं छत), के म्हणजे २८९ घनइंचांचं हाय-परफॉर्मन्स इंजिन. या पांढऱ्या गाड्या सॅन होजेहून शेल्बीच्या लॉस एंजेलिसच्या शेडमध्ये जायच्या आणि तिथे डाव्या आतल्या फेंडरवर, फोर्डच्या नंबरच्या बरोबर वर, शेल्बीची पट्टी रिव्हेटने ठोकली जायची. पट्टीवर एसएफएम ५एस आणि पुढे तीन आकडे. रस्त्यावरच्या गाडीला एस, रेसच्या गाडीला आर. शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाईल क्लबने या प्रत्येक गाडीची नोंदवही छापली आहे: पहिल्यांदा कुठल्या डीलरकडे गेली, पुढे कुणाकडे, कधी ठोकली, कधी इंजिन बदललं. तुम्ही गाडी बघायला जाण्याआधीच निम्मी हकिगत कळलेली असते.

खडखडाट

मास्तर, लेख झाला हा. पण सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे जमीन सुपीक असते असं नाही, हे आमच्या सांगलीत विचारा.

गाडी चालवण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी दोन्ही चालवल्यात, मालक शेजारी श्वास रोखून बसलेले असताना. जीटी३५० ही उघड उघड रेसची गाडी आहे, नंबरप्लेट लावलेली. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म इंचभर खाली घेतलेला, कोनीचे शॉक्स, मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डेट्रॉइट लॉकर. पार्किंगमध्ये वळवताना मागून असा 'टाक्' आवाज येतो की नवखा माणूस उतरून खाली बघतो. धुराडी मागच्या चाकांच्या पुढे बाजूला निघतात, म्हणजे सगळा आवाज तुमच्या खिडकीत. पॉवर स्टीअरिंग नाही. मागे ड्रम ब्रेक, पण पुढे डिस्क आहेत आणि गाडी थांबते.

६३ची कॉर्व्हेट त्यापुढे सभ्य वाटते. मागची चाकं स्वतंत्र उसळतात, खाली स्प्रिंगचा आडवा पाटा आहे, लांबच्या रस्त्याला मजा येते. पण चारही ड्रम ब्रेक! एकदा जोरात दाबले की ठीक, उतारावर दोन-तीनदा दाबले की देवाचं नाव घ्यायचं. डिस्क आले ६५ला. म्हणून चालवायला घ्यायची असेल तर काचेचा मोह सोडून ६५ची कॉर्व्हेट घ्या, असं माझं मत.

काडीपेटी

+१. आणि संग्राहक चालवतात कुठे? ट्रेलरवरून उतरवतात, मायक्रोफायबरने पुसतात, परत चढवतात.

उंबरठा

सगळेच नाही हं. आमच्याकडे ६३ची फ्युली आहे आणि दर ऑगस्टला डेट्रॉइटकडच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, मी स्वतः घेऊन जाते. नवरा शेजारी बसून सूचना करतो, ते काम त्याला जमतं.

इंजेक्शनबद्दल लिहिते, कारण त्याची भीती फार घातली जाते. रॉचेस्टर युनिट पूर्ण यांत्रिक आहे, कॉम्प्युटर नाही की सेन्सर नाही. डिस्ट्रिब्युटरमधून स्पीडोमीटरच्या केबलसारखी एक छोटी केबल निघते आणि युनिटमधला पंप फिरवते. ती तुटली की गाडी जागच्या जागी बंद, म्हणून एक जादा केबल ग्लव्ह बॉक्समध्ये कायम असते. खरा त्रास गरमीचा. उन्हात ट्रॅफिक तुंबला की आताचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल बारीक नळ्यांमध्येच उकळायला लागतं. गाडी आधी फुरफुरते, मग गचके खाते, मग रुसते. त्या वेळी चोक-बिक काही खेळू नये. बाजूला घ्यावी, बॉनेट उघडावं आणि गर्दीला फोटो काढू द्यावेत. गार झाली की आपली आपण चालू होते. बॉनेट काचेच्या बाजूने उघडतं, त्यामुळे उकाडा लवकर जातो.

हीच कटकट नको म्हणून साठ-सत्तरच्या दशकात कित्येक मालकांनी युनिट काढून साधा कार्बोरेटर बसवला. युनिट गॅरेजच्या फळीवर गेलं, तिथून भंगारात. आज ते एक युनिट घ्यायला गेलात तर चांगल्या नव्या दुचाकीच्या कितीतरी पट पैसे पडतात. तेव्हा 'मूळ फ्युली, युनिट काढलंय पण मिळेल सहज' असं कुणी सांगितलं तर चहा पिऊन घरी या.

सांडगे

ओहायोतला प्रसंग सांगतो. एका मित्रासाठी ६३ची कूपे बघायला गेलो होतो. जाहिरातीत 'नंबर्स मॅचिंग, ३४० अश्वशक्ती'. गाडी बघताच मित्र विरघळला, गडद निळा रंग, आतून पण निळी.

पॅडवर इंजिनच्याच नारिंगी रंगाचा जाड थर होता. विकणाऱ्याची परवानगी घेऊन ब्रेक क्लीनर मारला, फडक्याने पुसलं, बॅटरीचा उजेड आडवा धरला. आकडे बरोबर, कोड बरोबर. आणि पॅड आरशासारखा गुळगुळीत. एक रेघ नाही. विकणारा म्हणाला, "हेड प्लेन करताना गेल्या असतील." हेड प्लेन करताना ब्लॉकच्या रेघा कशा जातील, ते मी विचारलं नाही.

पण आम्ही परतलो ते वेगळ्याच कारणाने. मास्तरांनी लिहिलं नाही म्हणून इथे देतो: बॉडी फायबरग्लासची असली तरी काच आणि दारांभोवती आत लोखंडी सांगाडा असतो. त्याला बर्डकेज म्हणतात. फायबर गंजत नाही, त्यामुळे बाहेरून गाडी नवरीसारखी दिसते आणि आत सांगाड्याचं पीठ झालेलं असतं. पायाजवळची बाजूची कव्हरं काढायला सांगा आणि पुढच्या काचेच्या खांबाचं बूड बघा. आम्ही कव्हर काढलं तर मूठभर लाल पापुद्रे कार्पेटवर सांडले. ते दुरुस्त करायचं तर बॉडी उघडावी लागते. इंजिन बदललेलं चालतं, भाव पाडून घेता येतो. हे नाही चालत.

आणखी एक युक्ती. चाकाच्या कमानीत हात घालून फायबरची आतली बाजू चाचपा. कारखान्यातले पॅनेल साच्यात दाबून केलेले, दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी गुळगुळीत. ठोकलेल्या गाडीला नंतर हाताने थापलेलं पॅनेल लावलं असेल तर आतून खरखरीत, विणीचे धागे बोटांना लागतात.

पोटमाळा

बापरे. हे वाचून व्हिडिओच बरे वाटायला लागले. अवांतर: अशी गाडी भारतात रजिस्टर करता येते का?

खडखडाट

२०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. बाहेरून आणण्याचं प्रकरण मोठं आहे, त्यात जकातही आली. वेगळा धागा काढा, इथे कस्टम्स शिरलं की मूळ विषय गेला.

अनुस्वार

मास्तर, शेल्बीच्या नोंदवहीचं एवढं कौतुक केलंत, पण नकली शेल्बी तर ढीगभर असतात. साधी फास्टबॅक मस्टँग घ्या, पांढरा रंग, निळे पट्टे, मागचं सीट काढा. शेजाऱ्याला कळतंय का?

गॅरेजमास्तर

शेजाऱ्याला नाही कळणार. मालकीण-मालक 'प्रतिकृती आहे' असं उघड सांगत असतील तर त्यात वाईटही काही नाही, रविवारी फिरवायला झकास गाडी होते. पण शेल्बी म्हणून विकायला काढली की नंबर द्यावा लागतो, आणि ५६२पैकी कुठला नंबर कुठे आहे हे माहीत असणारे लोक आहेत. एकाच नंबरच्या दोन गाड्या उगवल्याचे वाद झालेत. अशा वेळी पट्टीचे रिव्हेट काढून खालचा फोर्डचा ठसा तपासावा लागतो. तोच नंबर उजव्या फेंडरखाली आणि इतर झाकलेल्या जागीही असतो. पट्टी बाजारात नवी मिळते. फेंडर बदलला असेल तर घोळ वाढतो, पण कुठे बघायचं ते ठरलेलं आहे.

कॉर्व्हेटमध्ये इंजिनपुरतं असं कुठे बघायचं ठिकाणच नाही. पॅड, तारखा, जुनी बिलं आणि बघणाऱ्याचा डोळा, एवढंच. म्हणून नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे परीक्षक कारखान्यातल्या खडूच्या खुणा आणि शिक्केही तपासत बसतात, आणि त्यांच्या टॉप फ्लाइट पुरस्काराला बाजारात वजन आहे. माझ्यासारख्याला हे आवडतं, कारण डोकं खाजवायला मिळतं. ज्याला ताप नको त्याने शेल्बी घ्यावी, जादा मोजावे आणि झोपावं.

उंबरठा

जादा म्हणजे किती जादा ते तरी सांगा. ६५ची शेल्बी बहुतेकांच्या कुवतीबाहेर आहे. रेसची पहिली जीटी३५०, ५आर००२, २०२०मध्ये लिलावात ३८.५ लाख डॉलरला गेली. ते अर्थात वेगळं प्रकरण, केन माइल्सने पळवलेली तीच गाडी. पण साधी ६५सुद्धा आमच्या फ्युलीच्या वर जाते.

सांडगे

मग ६६ची जीटी३५० बघावी. त्या २,३७८ बनल्या, मागचं सीट परत आलं, रंगही मिळायला लागले. त्यातल्या हजारेक हर्ट्झ कंपनीने भाड्याने द्यायला घेतल्या, बहुतेक काळ्या, सोनेरी पट्ट्यांच्या. शनिवारी भाड्याने न्यायची, रविवारी रेसमध्ये पळवायची, सोमवारी घामाघूम परत करायची असे किस्से भरपूर आहेत.

गॅरेजमास्तर

आणि ६६मध्येही शोधायच्याच असतील तर पहिल्या २५२ शोधा. त्या ६५च्या उरलेल्या मस्टँगवर केलेल्या आहेत, त्यामुळे खाली घेतलेले आर्म वगैरे बरंचसं ६५चं काम त्यांत सापडतं. नंबर एसएफएम ६एस००१पासून २५२पर्यंत. भाव ६६चा, अंगकाठी ६५ची. माहितगार विक्रेता अर्थात तो फरक वसूल करतोच.

काडीपेटी

म्हणजे दोन गाड्यांचा धागा शेवटी तिसऱ्याच गाडीवर गेला. टेस्ला परवडली.

खडखडाट

ह.ह.पु.वा. बरं, ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला कॉर्व्हेटचा मेळावा असतो, कोण येतंय? मास्तर, तुम्ही आरसा, बॅटरी आणि ब्रेक क्लीनर आणा. उंबरठाताई, फ्युली घेऊन या, पण जादा केबल विसरू नका.

उंबरठा

केबल आहेच. नवऱ्यालाही आणते, बॉनेट धरायला.